सासरच्या घरातली जुनी मॅडोना, सोबत चार संत: चित्रकार कोण असावा?

मार्केची_सून

नमस्कार मंडळी, इथे जुन्या युरोपियन चित्रांतलं कळणारे बरेच जण दिसतात म्हणून विचारते. माझं सासर इटलीत मार्के भागात, माचेराता जिल्ह्यातल्या डोंगराळ बाजूला. २०१६ च्या भूकंपात घराला तडे गेले तेव्हा भिंतींवरचं सगळं उतरवून चादरींत गुंडाळून दुसरीकडे हलवलं होतं, आता घर एकदाचं नीट झालंय आणि सामान परत लावताना हे चित्र मला पहिल्यांदाच उजेडात नीट बघायला मिळालं, नाहीतर ते कायम सासूबाईंच्या पलंगावर अंधारात असायचं.

लाकडी फळीवरचं आहे, उंची साधारण ८० सेंमी. मधे सिंहासनावर मॅडोना म्हणजे येशूची आई मेरी, मांडीवर बाळ, बाळाच्या मुठीत छोटा पक्षी. मागे सगळा सोन्याचा वर्ख, त्यात प्रभावळींवर बारीक ठसे मारलेले. दोन्ही बाजूंना दोन-दोन संत. डावीकडे पुढे एक हडकुळा म्हातारा साधू, गाल आत गेलेले, हातात किरणं असलेली तबकडी आणि त्यात काहीतरी अक्षरं. त्याच्या मागे चिलखत घातलेला कोवळा पोरगा, एका हातात झेंडा आणि दुसऱ्या तळहातावर अख्खं छोटंसं गाव! उजवीकडे पुढे काळ्या झग्यातला साधू, छातीवर तारा, हातात लिलीचं फूल. त्याच्या मागे अर्धा उघडा म्हातारा, हातात दगड, पायाशी लाल टोपी. सिंहासनाला फळांची माळ बांधलीय आणि त्यात एक काकडी आहे.

या काकडीवरून आमच्याकडे वाद चाललाय. मामेसासरे म्हणतात काकडी म्हणजे कार्लो क्रिव्हेली (चित्रांत काकड्या काढण्यासाठी ओळखला जाणारा जुना चित्रकार), विषय संपला. गावातला जुन्या वस्तूंचा दुकानदार म्हणतो "कुणीतरी उम्ब्रियन (शेजारच्या उम्ब्रिया भागातला), फार काही नाही" आणि वर म्हणतो माझ्याकडे द्या मी साफ करून आणतो. सही कुठेच नाही. मला विकायबिकायचं नाही, फक्त कुणी काढलं ते कसं शोधतात हे जाणून घ्यायचंय. आणि सासूबाई ओल्या फडक्याने पुसायचं म्हणतायत, पुसू का?

फळी_आणि_जेसो

बाकीचं नंतर, आधी ते फडकं लांब ठेवा!! अशा फळ्यांवरचा वर्ख पाण्याच्या पद्धतीने बसवलेला असतो, म्हणजे खाली जेसो (पांढऱ्या खडूसारख्या पुडीचा आणि सरसाचा लेप), त्यावर लाल चिकणमातीचा थर, तो ओला करून वर वर्ख आणि मग घोटाई. जे पाण्याने बसलं ते पाण्याने उठतं. ओलं फडकं एकदा फिरवलं तर खालची लाल माती वर दिसायला लागेल आणि मग काही करता येत नाही. कांदा, बटाटा, थुंकी, साबण, यूट्यूबवरचं काहीही नको. दुकानदाराला तर अजिबात देऊ नका, साफ करून परत येताना चित्राचा निम्मा पुरावा गेलेला असतो.

मी लाकडी चित्रांच्या रिस्टोरेशनचं काम करतो, तर मला पुढची बाजू नकोच, मागची बाजू आणि चारही कडा यांचे फोटो टाका. आडवा टॉर्च धरून पण एक काढा.

पेरुजाकर

वा, काय मस्त चित्र आहे. ताई, नाव शोधायची घाई करू नका, नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी कुठलं आणि कधीचं ते ठरवायचं, आणि तुमच्या चार संतांनी त्यातलं अर्ध काम करून ठेवलंय.

किरणांची तबकडीवाला म्हणजे सिएनाचा सान बेर्नार्दिनो, शंकाच नाही. येशूच्या नावाची अक्षरं असलेली ती पाटी तो प्रवचनात लोकांना दाखवायचा, आणि दात पडलेला, बसक्या गालांचा चेहरा सगळे चित्रकार तसाच काढतात कारण तो अगदी अलीकडचा माणूस होता, लोकांनी त्याला डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तो १४४४ मध्ये लाक्विला इथे वारला आणि १४५० मध्ये संत जाहीर झाला. आता त्याच्या डोक्यामागे नीट बघा, बाकीच्यांसारखीच पूर्ण गोल प्रभावळ आहे की नुसती किरणं? १४५० च्या आधीही त्याची चित्रं निघालीयत पण तेव्हा तो अधिकृत संत नव्हता म्हणून बहुतेक वेळा नुसती किरणं काढायचे. पूर्ण प्रभावळ असेल तर चित्र १४५० नंतरचं धरायला हरकत नाही. काळ्या झग्यातला तारावाला म्हणजे तोलेन्तिनोचा सान निकोला, ऑगस्टिनियन, तो १४४६ मध्ये संत झाला आणि तोलेन्तिनो तुमच्या माचेराता जिल्ह्यातच. दगडवाला सान जेरोलामो, तो इटलीभर कुठेही सापडतो, त्याचा स्थळ ठरवायला शून्य उपयोग.

खरी चावी आहे गाव धरलेला तो पोरगा. कामेरीनोचा सान व्हेनान्त्सिओ असा दाखवतात, तरुण, झेंडा, हातावर शहर. पण थांबा, पेसारोचा सान तेरेन्त्सिओ पण असाच तरुण योद्धा आणि त्याच्याही हातात शहर असतं, बेल्लीनीच्या पेसारोच्या मोठ्या वेदीचित्रात खालच्या पट्टीवर आहे तो. तेव्हा त्या छोट्या गावाचा जवळून फोटो टाका.

अजून एक बारीकशी गोष्ट. मॅडोनाचा उजवा हात म्हणजे आपल्याला दिसते ती डावी बाजू, ती मानाची जागा असते. तिथे पुढे बेर्नार्दिनो उभाय, म्हणजे ज्याने चित्र काढून घेतलं तो फ्रान्सिस्कन मठाचा तरी असावा नाहीतर बेर्नार्दिनोचा भक्त तरी. ऑगस्टिनियन मठ असता तर निकोला तिकडे गेला असता.

शंकेखोर

मजा चाललीय ती चालू दे पण कुणीतरी हे बोलायला हवं की १५ व्या शतकातलं दिसतं म्हणजे १५ व्या शतकातलं असतंच असं नाही. सिएनात इचिलिओ फेदेरिको जोनी नावाचा गृहस्थ होऊन गेला (१८६६–१९४६), जुन्या फळीवर, जुन्या पद्धतीने, सोनंबिनं लावून अशा मॅडोना काढायचा आणि त्या भल्याभल्यांच्या संग्रहात जाऊन बसल्या. त्याच शहरातला उम्बेर्तो जुन्ती, त्याची एक मॅडोना बोत्तिचेल्लीची म्हणून १९३० मध्ये लॉर्ड ली नावाच्या इंग्रज संग्राहकाने २५,००० डॉलरला घेतली, आज ती लंडनच्या कोर्टोल्डमध्ये आहे, नकली म्हणून. कलातज्ज्ञ केनेथ क्लार्कला तेव्हाच खटकलं होतं की ही बाई मूकपटातल्या नटीसारखी दिसते. नंतर तपासणीत प्रशियन ब्लू सापडला, जो १८ व्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झाला, बोत्तिचेल्ली वारला १५१० मध्ये. किड्यांची भोकंसुद्धा ड्रिलने पाडलेली.

तेव्हा कार्बन डेटिंग करा वगैरे सल्ला कुणी दिला तर लक्षात ठेवा, त्याने फळीचं वय कळतं, चित्राचं नाही. जुनी फळी मिळवणं हेच तर या लोकांचं पहिलं काम असायचं.

मार्केची_सून

बापरे एवढं सगळं. फडकं काढून घेतलं सासूबाईंकडून, रागावल्यात पण ठीक आहे.

फोटो टाकलेत. लिहूनही सांगते. बेर्नार्दिनोला पूर्ण गोल प्रभावळ आहे, बाकी तिघांसारखीच. हातावरचं गाव डोंगरावर आहे, तटबंदी, तीन-चार मनोरे, समुद्र नाही. मागची बाजू: फळी उभ्या रेषांची, एकच रुंद तुकडा नाही, दोन जोडलेत. मागे दोन आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकल्यात. किड्यांनी खाल्लंय पण नुसती भोकं नाहीत, मागे उघड्या पन्हळीसारखे नागमोडी चर दिसतात. कागदाची एक चिठ्ठी आहे, त्यावर शाईने आकडा, आणि एक लाल लाखेचा शिक्का, त्यात कसलंतरी कुळाचं चिन्ह. कडा: वर आणि दोन्ही बाजूंना रंग संपतो तिथे जेसोची बारीक उंच धार आलीय, बोटाला लागते, आणि तिच्यापलीकडे कोरं लाकूड. खालच्या बाजूला मात्र ती धार नाही, रंग थेट कडेपर्यंत, आणि संतांची पावलं पण अर्धीच आहेत. मॅडोनाचा झगा निळा असावा पण आता जवळजवळ काळा दिसतो. गालांवर जिथे रंग झिजलाय तिथे हिरवट झाक येते, हे बुरशी आहे का?

फळी_आणि_जेसो

बुरशी नाही हो, उलट आनंदाची गोष्ट आहे. इटालियन चित्रकार चेहऱ्याखाली आधी हिरव्या मातीचा थर द्यायचे आणि वर गुलाबी रंगाच्या केसासारख्या बारीक रेघा ओढायचे, अंड्याच्या बलकातला रंग लगेच सुकतो म्हणून तो पसरवता येत नाही, रेघारेघांनीच छटा काढावी लागते. पुढे कुणीतरी जोरात घासून साफ केलं की वरचं गुलाबी जातं आणि खालचं हिरवं दिसायला लागतं. तुमच्या मॅडोनाला आधी एकदा कुणीतरी घासलंय, एवढा त्याचा अर्थ.

आता तुमचे फोटो. जेसोची ती उंच धार म्हणजे तुमच्या चित्राचं जन्मपत्रच, आम्ही तिला बार्बा म्हणतो. त्या काळात चौकट आधी फळीला बसवायचे आणि मग चौकटीसकट जेसो लावायचे, नंतर कधीतरी चौकट काढली की तिच्या कडेला साचलेला जेसो असा उंच धारेसारखा उरतो. म्हणजे वर आणि दोन्ही बाजूंना चित्राची मूळ हद्द शाबूत आहे. खाली धार नाही, पावलं अर्धी, म्हणजे खालून कापलंय. आणि सही, तारीख, काढून घेणाऱ्याचं नाव हे सगळं बहुतेक वेळा खालच्या पायरीवर नाहीतर चौकटीवर असायचं, तेच नेमकं गेलं.

किड्यांचे चर: जिवंत किडा लाकडाच्या आत बोगदा करतो आणि बाहेर येताना फक्त गोल भोक पाडतो, उघडा चर तो कधी करत नाही. चर उघडे दिसतात म्हणजे किड्यांनी खाऊन झाल्यावर कुणीतरी मागून रंधा मारून फळी पातळ केलीय. त्या खिळ्यांच्या पट्ट्या तेव्हाच्या असू शकतात, मूळच्या नसाव्यात. बोगदे वेडेवाकडे आहेत, सरळ ड्रिलचे नाहीत, शंकेखोर यांनी नोंद घ्यावी. तसंही १९ व्या शतकात फळ्या अशा सर्रास रंधायचे. आणि हे बोगदे कधी कधी भलतंच काम करून जातात, २०१९ मध्ये फ्रान्समध्ये एका घराच्या स्वयंपाकघरातून चिमाबुए या १३ व्या शतकातल्या चित्रकाराची छोटी फळी निघाली, २.४ कोटी युरोला गेली, तिच्यातले किड्यांचे बोगदे लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या तिच्या भावंड-फळ्यांतल्या बोगद्यांशी जुळत होते, म्हणजे तिन्ही फळ्या एकत्र असतानाच किड्यांनी खाल्ल्या होत्या!

लाकूड फोटोवरून पॉप्लर वाटतं, इटलीत हेच. त्याच्या वर्तुळांवरून वय काढायची पद्धत पॉप्लरला फारशी लागू पडत नाही, झाड भराभर वाढतं आणि वर्तुळं थोडी मिळतात, ओक असता तर गोष्ट वेगळी. झगा अझुराइटचा (एक निळं खनिज) असेल, तो जुन्या वॉर्निशखाली असाच काळवंडतो.

शंकेखोर

नोंद घेतली. लाखेचा शिक्का पण चांगला पुरावा आहे, तो नकली करून चित्राची किंमत वाढवणारे असतात पण एका घरात पलंगावर लटकलेल्या चित्राला कोण एवढा उपद्व्याप करेल. तरी ठसे आणि निळा रंग तपासून घ्या, एक्स-रे फ्लुरोसन्सला (क्ष-किरणांनी रंगातली मूलद्रव्यं ओळखायची पद्धत) कुठला कणही काढावा लागत नाही. पांढऱ्या रंगात टायटॅनियम निघालं तर ती जागा २० व्या शतकातली, एकतर नंतरची डागडुजी नाहीतर सगळंच.

पेरुजाकर

समुद्र नाही, डोंगरावरचं गाव! मी व्हेनान्त्सिओवर पैज लावायला तयार आहे. तरी हातावरची गावं बहुतेक ठराविक साच्यातली असतात, मनोरे मोजून नकाशाशी जुळवत बसू नका. पण घर माचेराताच्या डोंगरात, निकोला तोलेन्तिनोचा, आणि हा, तिघं मिळून कामेरीनोकडेच बोट दाखवतात.

आता मामेसासऱ्यांची काकडी. क्रिव्हेली व्हेनिसचा, १४५७ मध्ये तिथे एका नावाड्याच्या बायकोच्या भानगडीत तुरुंगात गेला, मग झारा (आजच्या क्रोएशियातलं झादर), आणि १४६८ पासून तुमच्या मार्केमध्ये. तो सही करायचा आणि प्रत्येक वेळी स्वतःला व्हेनेशियन म्हणवून घ्यायचा, शेवटच्या वर्षांत तर नावापुढे सरदारकी पण लावायला लागला. पण त्याच्यामागून त्याचा भाऊ व्हित्तोरे, मग पिएत्रो आलेमान्नो, मग त्यांचं बघून बाकीचे, सगळ्यांनी फळं टांगली. काकडी ही त्या भागातली फॅशन झाली होती, तिच्यावरून माणूस ठरत नाही. क्रिव्हेलीची रेघ तारेसारखी ताठ असते, बोटं लांबसडक आणि वाकडी, किल्ल्या-मुकुट जेसोने उठावदार करून त्यावर सोनं. तुमच्या मॅडोनाची बोटं गुबगुबीत आहेत हो.

कामेरीनोत त्या काळात स्वतःचे चित्रकार होते, दा वारानो घराण्याचं राज्य होतं तिथे. जोव्हान्नी बोक्काती, १४४७ ची त्याची मांडवाखालची मॅडोना इथे पेरुजाला आहे, मी शंभरदा बघितलीय, गाणाऱ्या देवदूतांची नुसती गर्दी, तुमच्याकडे एक पण देवदूत नाही. बेल्फोर्तेला त्याचं १४६८ चं प्रचंड वेदीचित्र अजून जागेवर आहे. मग जिरोलामो दि जोव्हान्नी, त्याचं सही असलेलं १४७३ चं काम मोन्ते सान मार्तिनोला. आणि तिसरा जोव्हान्नी आंजेलो द'अन्तोनियो.

या तिसऱ्याची गोष्ट सांगतो कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. कामेरीनोत स्पेरमेंतोचं घोषणाचित्र (देवदूत मेरीला येशूच्या जन्माची बातमी देतो ते दृश्य) म्हणून एक अप्रतिम काम आहे. कितीतरी वर्षं ते जिरोलामोच्या नावावर होतं, आणि त्याच्या आधाराने अजून बरीच चित्रं जिरोलामोच्या खात्यात जमा होत गेली. मग काही जणांनी दप्तरखान्यात बसून जुने करार वाचले आणि सगळा गट उचलून जोव्हान्नी आंजेलोकडे गेला, ज्याला तोवर कुणी विचारत नव्हतं. चित्र तेच, डोळे तेच, एका कागदाने खातं बदललं. उफित्सीतली रुचेल्लाई मॅडोना तशीच, चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हासारीने चिमाबुएची म्हटली म्हणून शतकानुशतकं चिमाबुएची, आणि १२८५ चा करार सिएनाच्या दुच्चो या चित्रकाराच्या नावाचा निघाला. म्हणून माझ्यासारखा कुणी फोटो बघून छातीठोक नाव सांगायला लागला तर त्याला विचारा, कागद कुठाय.

तूर्तास कुणी विचारलं तर "कामेरीनोचा चित्रकार, १४५० ते १४८० च्या आसपास" एवढंच म्हणा. हे काही कमी नाही, उलट "क्रिव्हेलीचा अनुयायी" पेक्षा जास्त खरं आहे. लिलाववाले "वर्तुळातला", "शैलीतला", "अनुयायी" असे शब्द मोठ्या नावाला चिकटवतात ते नाव विकण्यासाठी.

मिलानोतला_वकील

कायद्याचं थोडक्यात. चित्र ७० वर्षांपेक्षा जुनं आणि चित्रकार हयात नाही, म्हणजे एक्स्पोर्ट ऑफिसच्या परवानगीशिवाय इटलीबाहेर न्यायचं नाही, सुट्टीला येताना सुटकेसमध्ये तर नाहीच. २०१७ च्या बदलानंतर १३,५०० युरोच्या आतल्या वस्तूंना मालकाच्या घोषणेवर भागतं, पण याची किंमत त्याच्या आत आहे हे कोण ठरवणार, त्या वाटेला जाऊ नका. सरकारने चित्र महत्त्वाचं म्हणून जाहीर केलं तर ते घरातच राहतं, मालकी तुमचीच, पण विकायचं झालं तर कळवावं लागतं आणि त्याच किमतीत घ्यायचा पहिला हक्क सरकारचा. रिस्टोरेशनलाही मग परवानगी लागते. लोक याला घाबरून लपवून ठेवतात, मला ते पटत नाही.

दुसरं म्हणजे काराबिनिएरींच्या (इटलीचं एक पोलीस दल) कलावारसा विभागाचा चोरीच्या वस्तूंचा डेटाबेस आहे, त्यात कुणालाही शोधता येतं, तिथे बघून घ्या. तुमच्यावर संशय नाही हो. पण १८१० च्या नेपोलियनच्या काळात आणि मग इटली एक होताना मठ बंद झाले, चित्रं घरोघर गेली, ते सगळं जुनं झालं. २० व्या शतकात चर्चमधून गेलेलं मात्र वेगळं प्रकरण. सासूबाईंकडे वाटणीपत्र, जुनं मृत्युपत्र, विम्याचा कागद, काहीही असेल तर फोटो काढून ठेवा, मालकीलाही लागेल आणि चित्राच्या इतिहासालाही.

मार्केची_सून

डेटाबेसमध्ये बघितलं, नाहीये, हुश्श. सासूबाईंच्या आजोबांच्या वाटणीपत्रात "एक जुनी मॅडोना, कामेरीनोच्या घरातून" अशी ओळ निघाली!! कामेरीनोला घर होतं हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं. मामेसासरे अजून काकडीवरच अडून बसलेत.

बोलोन्याच्या कलातज्ज्ञ फेदेरिको झेरीच्या फोटो-संग्रहात ऑनलाइन शोधतेय दोन दिवस, स्पेरमेंतोच्या देवदूताचा हात आणि माझ्या मॅडोनाचा हात सारखा वाटायला लागलाय. की मला आता सगळंच सारखं वाटतंय?

पेरुजाकर

"कामेरीनोच्या घरातून"! वाटणीपत्राच्या त्या पानाचा स्कॅन आणि लाखेच्या शिक्क्याचा फोटो आधी सोप्रिन्तेन्देन्त्साला (सरकारचं कलावारसा कार्यालय) पाठवा, कुळाचं चिन्ह ओळखणारं कुणीतरी तिकडे भेटेल.

हातांचं म्हणाल तर तुमचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून, एकाच मापाचे करून शेजारी लावा, रंग आणि सोनं बघून डोळा फसतो. झेरी, बेरेनसन असे मोठे कलातज्ज्ञ सगळे असेच फोटोंवरून काम करायचे. आणि हात एकटा नको, हात साच्यावरून उचलता येतो आणि एका कारखान्यात पाच जण सारखाच काढतात. कान बघा, बाळाचा आणि निकोलाचा. कानाकडे कुणी गिऱ्हाईक बघत नाही म्हणून चित्रकार तिथे सवयीने हात फिरवतो, मोरेल्ली नावाच्या कलातज्ज्ञाने १९ व्या शतकात यावरच सगळी पद्धत उभी केली होती.

फळी_आणि_जेसो

आणि तोवर ते भिंतीवर लावू नका. डावीकडच्या व्हेनान्त्सिओच्या झेंड्याजवळ आडव्या टॉर्चच्या फोटोत रंग पापड्यासारखा उचललेला दिसतोय. आडवं, चित्र वर करून ठेवा, हीटरपासून लांब, वर काही झाकायचं असेल तर रंगाला न टेकता. बघायला येईल त्याला ती जागा सगळ्यात आधी दाखवा.